दोष कार्बोरेटरचा, की पेट्रोलच्या वाटेचा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. नागपूरच्या नंदनवन भागात राहणाऱ्या एका तरुणाने वडिलांची २००३ सालची स्प्लेंडर पुन्हा वापरायला काढली आहे. गाडी चार वर्षे पोर्चमध्ये झाकून उभी होती. आता सकाळी ती चोकवरच सुरू होते आणि चोक काढला की न्यूट्रलला बंद पडते. सहा-सात किलोमीटर चालल्यावर हळूहळू दम सोडते आणि थांबते. पाच मिनिटांनी किक मारली की पुन्हा सुरू होते. पूर्ण रेस दिली तर मिसिंग करते, आणि ॲव्हरेज लिटरला पस्तीसच्या वर जात नाही. प्लग नवा टाकून झाला आहे. एका गॅरेजवाल्याने, "भाऊ, कार्बोरेटर गेला तुमचा, नवा टाका लागते," असे सांगितले. दुसऱ्याने ॲव्हरेजसाठी लहान जेट, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारा बारीक छिद्राचा भाग, बसवून देतो म्हटले. यातले कोणाचे ऐकावे, असे त्याने विचारले आहे.

तूर्त दोघांचेही ऐकू नका. तुमच्या वर्णनात किमान दोन, बहुधा तीन वेगवेगळे दोष एकमेकांत मिसळलेले आहेत. नवा कार्बोरेटर बसवला तर त्यातला एक कदाचित जाईल, उरलेले तसेच राहतील आणि मग नव्या कार्बोरेटरवरही अविश्वास निर्माण होईल. माझ्या गॅरेजमध्ये गेल्या तीस वर्षांत कार्बोरेटर खराब म्हणून ज्या गाड्या आल्या, त्यांतल्या बऱ्याच गाड्यांचा कार्बोरेटर निर्दोष होता. बिचाऱ्याला वरून पेट्रोल मिळत नव्हते, किंवा बाजूने चोरटी हवा मिळत होती. कार्बोरेटर उघडण्याआधी दोष नेमका केव्हा आणि किती रेसवर येतो हे लिहून काढले, तर निम्मे निदान पाना हातात न घेताच होते.

याचे कारण हवेत पेट्रोल मिसळून इंजिनला देणाऱ्या या कार्बोरेटरच्या रचनेतच आहे. वरून एक दिसणाऱ्या त्या डब्यात खरे तर पेट्रोलच्या तीन-चार वाटा आहेत आणि रेसची मूठ जशी फिरते, तशी कामाची सूत्रे एका वाटेकडून दुसरीकडे जातात. मूठ बंद असल्यापासून साधारण एक अष्टमांश उघडेपर्यंत पायलट जेट आणि त्याचा स्क्रू गाडी चालवतात. तिथून पाव मुठीपर्यंत, मुठीबरोबर वरखाली होणाऱ्या स्लाइडच्या खालच्या कडेला दिलेल्या तिरप्या कापाचा प्रभाव असतो. पाव ते पाऊण मुठीपर्यंत स्लाइडला जोडलेली निमुळती निडल आणि ती ज्यात वरखाली होते तो निडल जेट पेट्रोल मोजतात. पाऊण मुठीच्या पुढे मेन जेटचे राज्य. या सीमा कडेकोट नसतात, एकमेकींवर थोड्या चढलेल्या असतात. पण निदानासाठी एवढे पुरते. मुठीच्या रबरावर आणि शेजारच्या स्विचच्या डब्यावर कागदी चिकटपट्टीचा एकेक तुकडा लावा आणि बंद, पाव, अर्धी, पाऊण, पूर्ण अशा पेनाने रेघा मारा. मग गाडी चालवताना स्पीडोमीटरकडे न पाहता या रेघांकडे लक्ष ठेवा. साठच्या स्पीडला मिसिंग होते, हे वाक्य मिस्त्रीला फारसे काही सांगत नाही, कारण उतारावर साठचा वेग पाव मुठीतही मिळतो. अर्ध्या मुठीला मिसिंग होते, हे वाक्य थेट निडलकडे बोट दाखवते.

आता तुमची सहा-सात किलोमीटरची तक्रार आधी घेऊ, कारण ती सुटल्याशिवाय बाकी कशाचीच परीक्षा नीट होणार नाही. एक रिकामी पाण्याची बाटली, एक स्क्रू ड्रायव्हर, प्लगचा पाना आणि जुना प्लग बरोबर घ्या आणि दिघोरीच्या पुढे उमरेड रोडवर मोकळ्या जागी गाडी दम सोडेपर्यंत चालवा. ती बंद पडली की सावलीत, वाहतुकीपासून दूर घ्या आणि किक मारण्याचा मोह आवरा. तुम्ही दहा किका मारल्यात की पुरावा नाहीसा होतो. इंजिन गरम आहे हे लक्षात ठेवून कार्बोरेटरच्या तळाला असलेल्या बारीक नळीखाली बाटली धरा, टाकीखालचा पेट्रोलचा कॉक चालू ठेवा आणि बाउलचा, म्हणजे कार्बोरेटरच्या तळाशी पेट्रोल साठते त्या वाटीचा, ड्रेन स्क्रू दोन आटे सैल करा. आसपास कोणी विडी-सिगारेट ओढत नाही हे पाहूनच हे करायचे.

बाटलीत धार लागली आणि ती मिनिटभर तशीच राहिली, तर बाउलमध्ये पेट्रोल येत आहे. गाडी दुसऱ्या कारणाने बंद पडली. धार दोन-चार चमच्यांत संपली आणि नुसते थेंब पडू लागले, तर बाउलमध्ये उरलेले तेवढे बाहेर आले आणि वरून पुरवठा नाही. अशा वेळी स्क्रू उघडाच ठेवून टाकीचे झाकण उघडा. आत हवा शिरल्याचा सूं असा आवाज आला आणि त्याच क्षणी बाटलीतली धार पुन्हा मोठी झाली, तर तुमचा आजार सापडला: झाकणातले हवेचे छिद्र बंद आहे. टाकीतून पेट्रोल खाली जाते तेवढी हवा वरून आत यावी लागते. ती आली नाही की आत निर्वात तयार होतो आणि पेट्रोल खाली उतरेनासे होते. पाच मिनिटे थांबल्यावर झाकणाच्या रबरातून थोडी हवा झिरपते, बाउल पुन्हा भरतो आणि गाडी काहीच झाले नाही अशी सुरू होते. तुम्ही लिहिलेले लक्षण या वर्णनाशी तंतोतंत जुळते. म्हणून माझा पहिला संशय इथेच आहे.

याच कारणाने एका गृहस्थांनी दोन कार्बोरेटर बदलले होते. तिसरा बसवण्यासाठी ते माझ्याकडे आले तेव्हा गाडी इतकी चकचकीत होती की कौतुक वाटले. झाकण उघडून पाहिले तर त्यातले छिद्र पॉलिशच्या पांढऱ्या मेणाने गच्च भरलेले. टाचणीने मेण काढले, रॉकेलमध्ये धुतले, फुंकर मारून हवा जाते हे पाहिले. त्या कामाचे पैसे काय सांगावे, हा प्रश्न मला पडला.

झाकण उघडूनही धार वाढली नाही, तर अडथळा त्याच्या खाली आहे. कार्बोरेटरला जाणारी नळी काढून तिचे टोक बाटलीत धरा. इथे धार भरपूर आणि बाउलच्या स्क्रूमधून मात्र थेंब, असे असेल तर फ्लोटची सुई (बाउल भरला की पेट्रोल अडवणारी) आपल्या जागेत चिकटलेली आहे. दोन्हीकडे थेंबच असतील, तर कॉक किंवा त्याची जाळी चोंदली आहे. पुरेशी धार म्हणजे किती, हे अंदाजाने सांगण्यापेक्षा हिशेब करून पाहता येते. ताशी ८० च्या वेगाने लिटरला ३५ किलोमीटर देणारी गाडी तासाला सुमारे २.३ लिटर, म्हणजे मिनिटाला जेमतेम ४० मिली पेट्रोल पिते. कॉकमधून नुसत्या गुरुत्वाने मिनिटाला याच्या तीन-चारपट तरी आले पाहिजे, आणि पहिल्या मिनिटाइतकेच पाचव्या मिनिटालाही आले पाहिजे. गंजाचा कचरा अनेकदा सुरुवातीला बाजूला असतो आणि धारेबरोबर हळूहळू जाळीवर येऊन बसतो. म्हणून दहा सेकंदांची चाचणी फसवते. ही चाचणी झाकण घट्ट बंद ठेवून एकदा आणि उघडे ठेवून एकदा करा.

बाउलमध्ये पेट्रोल भरपूर निघाले, तर प्लग काढून पाहा. तो ओला असेल तर पेट्रोल येत आहे आणि ठिणगी पडत नाही. गरम झाल्यावर ठिणगी देणारी इग्निशन कॉइल किंवा ठिणगीची वेळ सांगणारी पल्सर कॉइल काम सोडते आणि थंड झाल्यावर पुन्हा करू लागते, हा जुन्या गाड्यांचा नेहमीचा रोग आहे आणि तो पेट्रोलच्या रोगाचे हुबेहूब सोंग घेतो. बरोबर नेलेला जुना प्लग कॅपमध्ये बसवून, प्लगच्या मूळ छिद्रापासून लांब, हेडला टेकवून किक मारली की ठिणगी आहे की नाही ते कळेल. गाडी बंद कशी पडते त्यावरूनही फरक ओळखता येतो. पेट्रोल संपत आले की गाडी आधी ओढ कमी करते, एक-दोन झटके देते, आणि त्या क्षणी चोक अर्धा ओढला तर शे-दोनशे मीटर आणखी चालते. करंट गेला की चावी बंद केल्यासारखी एकाएकी थांबते आणि चोकचा काही उपयोग होत नाही. तुम्ही हळूहळू दम सोडते असे लिहिले आहे, म्हणून मी करंटपेक्षा पेट्रोलकडे झुकलो. पण खात्री बाटलीच देईल.

झाकण दोषी निघाले तरी टाकी तपासलीच पाहिजे. चार वर्षे अर्धवट भरलेल्या टाकीत वरच्या रिकाम्या भागात दमट हवा राहते, पावसाळ्यात आतून पाणी सुटते आणि पत्रा गंजतो. कॉक काढून त्याची जाळी पाहा. त्यावर विटकरी भुकटी दिसली की टाकी उतरवायची. थोड्या गंजासाठी कोमट पाण्यात लिंबूसत्व विरघळवून ते टाकीत रात्रभर ठेवणे, नंतर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने आणि मग साध्या पाण्याने खळबळून लगेच वाळवणे आणि आतून थोडे ऑइल फिरवणे एवढे पुरते. आपल्याकडे मे महिन्यात टाकी उन्हात ठेवली तर वाळायला अर्धा तासही लागत नाही. जुलैत मात्र हे काम काढू नका. पत्र्याला टाचणीएवढी भोके पडू लागली असतील, तर वेल्डिंग करणाऱ्याकडेच जावे लागेल आणि टाकीत पेट्रोलची वाफ शिल्लक असताना ते काम कोणी करता कामा नये.

टाकी साफ झाली की बरेच लोक नळीत फिल्टर बसवतात. बसवा, पण गुरुत्वावर चालणाऱ्या गाडीसाठी असलेला जाळीचा बसवा. पंपाच्या दाबावर चालणाऱ्या गाडीसाठीचा दाट कागदी फिल्टर इथे लावला तर तो स्वतःच अडथळा होतो, आणि तुम्ही एक दोष काढून दुसरा विकत घेतलेला असतो.

टाकीत आज जे पेट्रोल आहे त्याविषयीही बोलले पाहिजे. देशात १० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट २०२२ मध्ये गाठले गेले, २०२३ पासून २० टक्के मिश्रणाचे पेट्रोल पंपांवर येऊ लागले आणि आता सर्रास तेच मिळते. तुमची गाडी तयार झाली तेव्हा हे मिश्रण कोणाच्या डोळ्यांसमोर नव्हते. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला पूर्ण जळण्यासाठी वजनाने साधारण १४.७ भाग हवा लागते. वीस टक्के इथेनॉल असले की हे प्रमाण साडेतेराच्या आसपास येते. जेट मात्र पूर्वीइतकेच पेट्रोल सोडतो. म्हणजे कशालाही हात न लावता मिश्रण सात-आठ टक्के पातळ झाले, हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडले. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत संगणक ही कसर भरून काढतो. २०२० च्या एप्रिलमध्ये धुराच्या प्रदूषणाचे बीएस-६ नियम आल्यावर नव्या मोटारसायकलींमधून कार्बोरेटर जवळजवळ हद्दपार झाला, तेव्हा ही अडचण आता फक्त आपल्यासारख्या जुन्या गाड्या सांभाळणाऱ्यांची आहे. निरोगी गाडीला एवढा फरक सहसा चालून जातो. पण पायलट जेट आधीच अर्धवट चोंदलेला असेल, तर एवढ्यानेच ती न्यूट्रलला बंद पडू लागते.

इथेनॉल हवेतले पाणी ओढून घेते. पाणी प्रमाणाबाहेर झाले की इथेनॉल आणि पाणी मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात आणि जड असल्यामुळे टाकीच्या तळाशी, म्हणजे नेमके कॉकच्या तोंडाशी, साचतात. बाउलमधून काढलेले पेट्रोल काचेच्या बाटलीत तासभर स्थिर ठेवून उजेडात पाहा. मध्ये रेघ दिसली आणि खाली वेगळा थर असला तर टाकी पूर्ण रिकामी करणे हाच उपाय. जुन्या रबरांवरही या मिश्रणाचा परिणाम होतो: फ्लोटच्या सुईचे टोक, ओ-रिंग, पेट्रोलची नळी फुगतात किंवा कडक होऊन तडकतात. वीस वर्षांची नळी आणि ओ-रिंगा न तपासताच बदलून टाका, त्यांचा खर्च चहा-पोह्यांच्या हिशेबातला आहे.

आता सकाळच्या तक्रारीकडे येऊ. चोकवर चालते आणि चोक काढला की बंद पडते, याचा अर्थ मुठीच्या पहिल्या अष्टमांशात मिश्रण पातळ आहे. चोक हवा अडवून मिश्रण घट्ट करतो, म्हणून तो लावला की गाडी तग धरते. पातळ होण्याची कारणे दोन: पेट्रोल कमी, किंवा हवा जास्त. हवेची परीक्षा सोपी असल्याने ती आधी करा. थंड गाडी चोकवर सुरू करून कार्बोरेटर आणि हेड यांच्यामधल्या जोडावर ब्रशने साबणाचे घट्ट पाणी किंवा थोडे ऑइल लावा. इंजिनचा आवाज बदलला, किंवा लावलेले पाणी आत ओढले गेलेले दिसले, तर तिथून चोरटी हवा जात आहे. काही जण इथे पेट्रोल शिंपडून पाहतात. तो आत्मघात करू नका. त्या जोडात उष्णता अडवणारा जाड इन्सुलेटर आणि त्याच्या दोन्ही अंगांना ओ-रिंग किंवा पॅकिंग असते. कोणी बोल्ट अति आवळून कार्बोरेटरची फ्लँज, म्हणजे जोडाची सपाट कड, वाकडी केलेली असेल, तर नवी ओ-रिंगही हवा अडवत नाही. सपाट काचेवर बारीक पॉलिश पेपर ठेवून ती फ्लँज घासून सरळ करावी लागते. इन्सुलेटरच गायब असलेल्या गाड्याही मी पाहिल्या आहेत. तशी गाडी डिसेंबरात बिनतक्रार चालते आणि मे महिन्यात, पारा पंचेचाळीसच्या पुढे गेला की, सिग्नलवर हेडच्या उष्णतेने बाउलमधले पेट्रोल उकळून बंद पडते.

हवा चोरीला जात नसेल, तर पायलट जेट. चार वर्षांत बाउलमधले पेट्रोल उडून जाते आणि मागे हिरवट-पिवळा चिकट थर उरतो. आंबलेल्या व्हार्निशसारखा त्याचा वास एकदा घेतला की विसरत नाही. केहिन या जपानी कंपनीच्या पद्धतीच्या जेटवरचा आकडा मिलिमीटरच्या शतांशात छिद्र सांगतो. ३८ नंबरचा जेट म्हणजे ०.३८ मिमी, पाच-सहा केस शेजारी शेजारी ठेवावेत एवढे. त्यात तो थर बसायला वेळ लागत नाही. आणि इथेच सर्वांत जास्त नुकसान होते, कारण हाताशी क्लच केबलची तार असते. तारेने खरवडून ०.३८ चे छिद्र ०.४२ झाले तर डोळ्यांना काही दिसत नाही, पण छिद्राचे क्षेत्रफळ २२ टक्क्यांनी वाढते आणि तो जेट कायमचा वाया जातो. जेट कार्बोरेटर क्लीनरमध्ये रात्रभर बुडवून ठेवा, मग हवेने फुंका आणि उजेडासमोर धरून पाहा: छिद्र पूर्ण गोल आणि कड धारदार दिसली पाहिजे. सुटत नसेल तर नायलॉनच्या ब्रशचा एक केस वापरा. काही कार्बोरेटरांत पायलट जेट ठोकून बसवलेला असतो, त्याला आटे नसतात. तो पिळून काढण्याच्या नादात अंग फोडू नका.

जेट स्वच्छ झाला म्हणजे वाट स्वच्छ झाली असे नाही, आणि साफ करूनही फरक पडला नाही अशी तक्रार घेऊन येणारे बहुतेक लोक इथेच थांबलेले असतात. पायलटची वाट जेटच्या पुढे कार्बोरेटरच्या अंगातून, कुठेही न दिसता जाते. ती तपासण्यासाठी फ्लोट, सुई आणि सर्व रबरे काढून घ्या, पायलटच्या स्क्रूचे आटे मोजत तो आत फिरवा, आकडा लिहून ठेवा आणि मगच तो स्प्रिंग आणि ओ-रिंगसकट बाहेर काढा. कार्बोरेटर डाव्या हातात, इंजिनकडचे तोंड स्वतःपासून दूर करून धरा, डोळ्यांवर चष्मा असू द्या. क्लीनरच्या बारीक नळीने जेटच्या जागेतून फवारा मारला की स्लाइडच्या कडेखालच्या, सुईच्या टोकाएवढ्या छिद्रातून आणि त्याच्या पुढच्या दुसऱ्या छिद्रातून सरळ, बारीक तुषार उडाले पाहिजेत. स्क्रूच्या भोकातून मारले की पुन्हा तेच. एखाद्या छिद्रातून तुषार न येता नुसता ओघळ आला, तर आत अजून थर आहे. थांबा, भिजू द्या, पुन्हा मारा. तिसऱ्या-चौथ्या वेळी अचानक तपकिरी पाणी बाहेर पडून धार मोकळी होते. तुमची सकाळची तक्रार बहुधा त्याच क्षणी संपेल.

जोडणी झाल्यावर स्क्रू पूर्ण बंदपासून दीड आटा बाहेर ठेवून सुरुवात करा. आधी थंड इंजिनवर टॅपेटचे (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या भागाचे) अंतर तपासलेले असले पाहिजे. टॅपेट घट्ट असताना कार्बोरेटर जुळवणे म्हणजे वाकड्या पाटावर रांगोळी काढणे आहे. मग गाडी दहा मिनिटे चालवून गरम करा आणि स्क्रू पाव-पाव आटा फिरवत जिथे इंजिन सर्वांत जलद आणि सुरळीत फिरते ती जागा शोधा, नंतर स्लाइडच्या स्क्रूने आरपीएम १४०० च्या आसपास आणा. स्क्रू कोणत्या दिशेने फिरवल्यावर मिश्रण घट्ट होते, याबद्दल गॅरेजांत कायम वाद होतात. स्क्रू स्लाइडच्या फिल्टरकडच्या बाजूला असेल तर तो हवा मोजतो, आत फिरवला की मिश्रण घट्ट. इंजिनकडच्या बाजूला असेल तर तो पेट्रोल मोजतो, बाहेर काढला की घट्ट. जागा पाहा, वाद मिटेल. स्क्रू अगदी आत किंवा चार-पाच आटे बाहेर गेल्याशिवाय गाडी स्थिर होत नसेल, तर दोष स्क्रूत नाही. वाट अजून चोंदलेली आहे किंवा हवा गळते आहे.

पूर्ण रेसवरचे मिसिंग मी मुद्दाम मागे ठेवले, कारण पुरवठा सुधारल्यावर ते आपोआप जाण्याची शक्यता मोठी आहे: मेन जेट जेवढे मागतो तेवढे बाउलमध्ये येतच नव्हते. गेले नाही, तर पूर्ण मुठीवर असताना क्षणभर चोक थोडा ओढून पाहा. सुधारले तर मिश्रण पातळ, बिघडले तर घट्ट. घट्ट निघाल्यास मेन जेटला हात लावण्याआधी एअर फिल्टर बघा. शहरात सिमेंट रस्त्यांच्या आणि पुलांच्या कामांनी वर्षानुवर्षे जी धूळ उडते, ती कुठे जाते हे फिल्टर उघडल्यावर कळते.

ॲव्हरेजसाठी लहान मेन जेट हा दुसऱ्या गॅरेजचा सल्ला मात्र स्पष्टपणे नाकारा. रोजच्या चालवण्यात मूठ पाऊण उघडतच नाही, त्यामुळे मेन जेटने ॲव्हरेज फारसे वाढत नाही. पूर्ण रेसवर इंजिन तेवढे तापते. हे मी पुस्तकातून सांगत नाही. ऐन तारुण्यात माझ्या आरएक्स १०० मध्ये मी स्वतःच्या अकलेने दोन नंबर लहान जेट बसवला आणि मे महिन्याच्या दुपारी वर्धा रोडने बुटीबोरीकडे सुसाट निघालो. टू-स्ट्रोकचा पिस्टन आत येणाऱ्या मिश्रणावरच थंड होतो आणि त्यातल्या ऑइलवरच सरकतो, हे मला ठाऊक होते, पण पटलेले नव्हते. खापरीच्या पुढे मागचे चाक एकदम जाम झाले. क्लच दाबण्याएवढे भान राहिले म्हणून पडलो नाही. सिलिंडर मात्र बोअर करावा लागला.

तुमच्या पस्तीसच्या ॲव्हरेजची कारणे वेगळीकडे शोधा. ब्रेक घासतो का, क्लच सरकतो का, चोकची पट्टी पूर्ण परत येते का, हे पाच मिनिटांत कळते. फ्लोटची उंची चुकीची असेल किंवा सुईचे टोक झिजून त्यावर गोल चर पडलेला असेल, तर बाउलची पातळी चढते, प्लग काळाकुट्ट होतो आणि गाडी उभी असताना ओव्हरफ्लोच्या नळीतून थेंब पडतात. सकाळी गाडीखाली जुना कागद ठेवून पाहा. आणि एक कारण असे, जे वीस वर्षे चाललेल्या गाडीत हमखास असते आणि क्वचितच कोणी तपासते: निडल रात्रंदिवस थरथरत निडल जेटला घासते आणि त्याचे गोल छिद्र अंडाकृती होते. मग पाव ते पाऊण मुठीत, म्हणजे तुम्ही शहरात दिवसभर जिथे असता तिथेच, पेट्रोल जास्त जाते. क्लिप एक खाच वर सरकवून निडल खाली केली की थोडे दिवस बरे वाटते, पण झिजलेली जोडी बदलल्याशिवाय हे जात नाही. निडल बोटांत धरून उजेडात फिरवा; मधल्या भागात चकाकणारा चपटा पट्टा दिसला तर ती झिजली आहे. निडल आणि निडल जेट दोन्ही एकत्र घ्यावे लागतात, आणि काही कार्बोरेटरांचे निडल जेट सुटे मिळत नाहीत. त्याबरोबर स्लाइडही अंगात खडखडत असेल, तर मात्र पहिल्या गॅरेजवाल्याचे म्हणणे खरे ठरेल आणि नवा कार्बोरेटर घेणे शहाणपणाचे होईल. तेव्हा जुना सोबत घेऊन जा आणि अंगावरचा नंबर, तोंडाचा व्यास, जेटचे आकडे जुळवून घ्या. गाडीत बसला म्हणजे गाडीचा झाला, असे नसते.

हवामानासाठी जेट बदलू नका. जानेवारीच्या पहाटेची १० अंशांची हवा मे महिन्यात ४५ अंशांवर गेली की सुमारे ११ टक्के विरळ होते आणि मिश्रण किंचित घट्ट होते; सुमारे ११०० मीटर उंचीवरच्या चिखलदऱ्याला गेलात तरी तसेच होते. एवढे सामावून घेण्याची सोय गाडीत असते.

येत्या रविवारी फक्त बाटलीची परीक्षा आणि झाकण, एवढेच करा. पुढच्या रविवारी टाकी, नळी आणि पायलटची वाट. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि वहीत लिहा, नाहीतर गाडी कशाने सुधारली ते कळणार नाही आणि पुन्हा बिघडली तर पुन्हा शून्यापासून सुरुवात होईल. ते झाल्यावर टाकी एकाच पंपावर, गाडी मधल्या स्टँडवर उभी करून, तोंडापर्यंत भरा, दोनशे किलोमीटर चालवा आणि तशीच पुन्हा भरा. ते किलोमीटर, दुसऱ्या वेळी लागलेले लिटर आणि अर्ध्या मुठीवर चालवून लगेच काढलेल्या प्लगचा रंग, एवढे मला कळवा. निडलचे काय करायचे ते त्यावरून ठरवता येईल.